वल्ह्याच्या होडीला परवाना कोणी द्यावा?

वल्ह्याने चालणारी एकट्या-दुकट्या माणसाची होडी, जिला आता सर्वत्र कयाक म्हणतात, ती कोकणच्या समुद्रात उतरवायची झाल्यास परवानगी कोणाची घ्यायची? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. समुद्र एवढा मोठा आणि होडी एवढीशी. परंतु प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला अशाच क्षुल्लक प्रश्नांतून व्यवस्थेचे खरे रूप दिसते, असा माझा अनुभव आहे. मोठ्या प्रकल्पाची कागदपत्रे सहसा नीटनेटकी असतात, कारण त्यांच्यामागे पैसा आणि पाठपुरावा दोन्ही असतात. लहान माणसाच्या लहान कामाचे काय होते, यावरून नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत ते कळते.

मी लखनौच्या अलीगंजमध्ये राहतो. येथून कोकणचा किनारा हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरी दिवाळी सरली की इथल्या मराठी घरांत पुष्पक एक्स्प्रेसची तिकिटे, मुंबईस गाडी बदलून कुडाळ गाठण्याचे बेत आणि तारकर्लीच्या खोल्यांचे भाव यांची चर्चा सुरू होते. महाराष्ट्राबाहेर दोन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना कोकण हे आता आजोळापेक्षा सहलीचे ठिकाण झाले आहे, आणि त्यात वावगे काही नाही. मंडळी परत येतात तेव्हा डॉल्फिन पाहिल्याचे सांगतात. कसे पाहिले असे विचारले की वर्णन बहुधा एकाच साच्याचे असते. सकाळी मोटारबोटीत दहा-पंधरा माणसे, आजूबाजूस अशाच आणखी सात-आठ बोटी, कोणी 'तो पाहा' म्हणाले की सर्व यंत्रे एकदम त्या दिशेला, आणि बोटी पोहोचेपर्यंत ती करडी पाठ पाण्याखाली गेलेली. पैसे फिटले असे कोणी म्हणत नाही, वाया गेले असेही म्हणत नाही. या लेखाचे वाचक बहुतेक याच मंडळींपैकी आहेत. किनाऱ्यावर काय विकले जाईल हे शेवटी त्यांच्या मागणीवर ठरते, म्हणून हा प्रशासकीय विषय त्यांच्यासमोर मांडावासा वाटतो.

एका डिसेंबरात देवबागला दोन सकाळी मी वल्हे हाती घेतले. देवबाग ही जमिनीची एक अरुंद जीभ आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाशी दोहोंचा संगम. पलीकडच्या तीरावर भोगवे, त्याच्या दक्षिणेस निवती. बरोबर गावातला एक जाणता मच्छीमार होता. त्याने पहिली अट घातली ती वेळेची: जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आहे तोवर पाणी सपाट असते, पण तोच वारा नकळत बाहेर ढकलतो, आणि खारा वारा सुटला की लाटा उठतात. तेव्हा उजाडताच निघायचे, संगमाच्या बाहेर जायचे नाही आणि नऊच्या आत परतायचे. भरती कधी लागणार हे त्याने तिथीवरून सांगितले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित मी पुस्तकात वाचले होते. ते तोंडी करणारा माणूस प्रथमच पाहिला.

कयाकमध्ये बसले की माणसाचे डोळे पाण्याच्या पातळीपासून जेमतेम हातभर वर असतात. एवढ्याने सारे बदलते. मोटारबोटीतून कांदळवन ही एक हिरवी पट्टी दिसते. कयाकमधून तिच्यातली घरे दिसतात. ओहोटीच्या चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. हे मासे असून पाण्याबाहेर श्वास घेतात आणि पुढच्या परांवर चालतात. नर खेकडे आपला एक मोठा आकडा वरखाली करीत बसले होते. कांदळांच्या मुळांवर कालवे चिकटलेली होती, आणि त्यांवरून पाणी उतरताना होणारा बारीक टिकटिक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. डोक्यावर ब्राह्मणी घारी होत्याच. एकदा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मासा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी संगमापाशी डॉल्फिन दिसले, तीन. आम्ही वल्ही थांबविली. ते आपल्या कामात होते. त्यांच्या श्वासाचा फुत्कार कानी पडला आणि काही मिनिटांनी ते निवतीच्या बाजूला निघून गेले. आम्ही त्यांच्यामागे गेलो नाही, आणि जावे म्हटले असते तरी जाता आले नसते.

माझ्या मते कयाकच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. सामान्य माणूस तीत तासाला पाच-सहा किलोमीटर जातो. एवढ्या वेगाने डॉल्फिनचा पाठलाग होऊ शकत नाही. भेट द्यायची की नाही हे जनावर ठरविते. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा डॉल्फिन प्रामुख्याने हिंदी महासागरातला कुबड्या डॉल्फिन आहे. उथळ पाण्यात, नदीमुखांच्या आसपास राहणारी ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त ठरलेली आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण डॉल्फिनांना आहेच. ते आवाजाच्या साहाय्याने वाट आणि भक्ष्य शोधतात. यंत्रांचा गोंगाट म्हणजे त्यांच्यापुरता दाट धुक्याचा पडदा. त्यांना पाहण्यासाठी आठ यंत्रे सुरू ठेवायची, ही कल्पनाच मुळी उफराटी आहे.

ही होडी परकीय आहे, असा आक्षेप ऐकू येतो. कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातली, हाडा-लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली शिकारीची नौका. आज किनाऱ्यावर मिळते ती साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची. हे खरे. पण वल्ह्याची अरुंद होडी कोकणाला नवी नाही. तोल सांभाळण्यासाठी बाजूला उलांडी बांधलेल्या होड्या येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि पर्यटकाला कयाकऐवजी उलांडीच्या होडीतून नेले तर मला अधिकच आवडेल. या पाण्यात लहान होडीने किती दूर जाता येते, तेही सिद्ध झालेले आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये एकट्याने कयाक वल्हवीत मुंबईहून गोवा गाठले, आणि पुढच्या मोहिमेत गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा पार केला. अर्थात, ती साहसवीराची गोष्ट झाली. मी बोलतो आहे ते सामान्य कुटुंबाच्या दोन तासांविषयी.

शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असे पाठ केले. नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला आहे. किनारा वाढलेला नाही. खाडीची वळणे अधिक बारकाईने मोजली गेली. आणि वन्यजीवन आहे ते नेमके या वळणांत. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्ष्यांचे थवे जगप्रसिद्ध आहेत; तेथे २०१५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. हिवाळ्याच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात. २०२२ च्या आरंभी कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्यात आली. पहिलीचे नाव 'प्रथमा' ठेवले होते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय आणि पाकोळ्या वीण करतात. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्येच त्यांच्यावर लिहिले होते, आणि त्या पाकोळ्यांची घरटी सूपासाठी चोरून विकली जात हेही सर्वश्रुत आहे. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून घोषित आहे. म्हणजे एका हाताने आपण पाहुण्यांना बोलावतो आहोत, आणि दुसऱ्या हातात या सर्वांचे पालकत्व आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देवबागच्या एका तरुणाला चार कयाक घेऊन पाहुण्यांना खाडीत फिरवायचे होते. त्याने निरनिराळ्या कार्यालयांत चौकशी केली. एकीकडे सांगितले, यंत्र नसेल तर आमच्याकडे नोंद नाही. दुसरीकडे सांगितले, आधी तिकडची नोंद आणा. तिसरीकडे त्याला यादी मिळाली, आणि तीत यंत्राच्या तपासणीचा दाखला होता. त्याने हसून मला विचारले, 'साहेब, वल्ह्याची तपासणी कोण करतो?' मी त्या कार्यालयांना दोष देत नाही. प्रत्येकजण आपल्यापुरते बरोबर बोलत होता, आणि दुखणे तेच आहे.

कायद्याचा नकाशा असा आहे. बंदरे आणि प्रवासी नौका महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, ज्याचा कायदा १९९६ चा. अभयारण्य आणि कांदळवन वन विभागाकडे; कांदळवनांसाठी २०१२ पासून स्वतंत्र कक्ष आहे. मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. वाळू आणि किनाऱ्याची जमीन महसुलाकडे, त्यावर किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना. साहसी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२१ मध्ये जाहीर केले, त्याची नोंदणी पर्यटन विभागाकडे. त्याच वर्षी संसदेने १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून अंतर्देशीय जलयान कायदा केला. यंत्राशिवाय चालणाऱ्या नौकांची नोंद जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायतीच्या पातळीवर व्हावी, ही कल्पना या कायद्यात स्पष्टपणे मांडलेली आहे. माझ्या दृष्टीने हा अत्यंत शहाणपणाचा विचार आहे. मात्र तो अंतर्देशीय पाण्यापुरता. भरती-ओहोटीच्या खाडीत अंतर्देशीय पाणी कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, ही रेषा कागदावर काढावी लागते. देवबागचा संगम ती पाळत नाही. खाडीतून निघालेली कयाक दहा मिनिटांत एका कायद्यातून दुसऱ्यात जाते.

येथे मालवणचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण त्याच्यावाचून पुढचा मुद्दा समजणार नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोवतालचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा गाभा. हेतू उत्तम होता. किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ, शेवाळ, मासे यांचे महत्त्व निर्विवाद आहे. पण गाव किनाऱ्यावर आणि त्याचे शेत पाण्यात, ही साधी वस्तुस्थिती लक्षात न घेता जमिनीवरच्या अभयारण्याचा साचा पाण्यावर ठेवला गेला. वन्यजीव कायद्याचे कलम २७ वाचून पाहावे. अभयारण्यात विनापरवाना कोण जाऊ शकतो, याच्या यादीत कामावरचा शासकीय सेवक आहे, तेथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला माणूस आहे, सार्वजनिक रस्त्याने जाणारा वाटसरू आहे. मच्छीमार यांपैकी कोणातच बसत नाही. समुद्राला सात-बारा नसतो. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने कलम २६-अ आले आणि त्यात प्रादेशिक समुद्राचा भाग घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे पुरेसे उपाय आधी करावेत अशी अट घातली गेली. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षे आधीची. परिणाम काय झाला? जवळजवळ चार दशके मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि 'अभयारण्य' हा शब्द मालवणच्या किनाऱ्यावर भीतीचा झाला. अशा ठिकाणी वन्यजीवांच्या नावाने आणलेला कोणताही नवा नियम, मग तो कितीही निरुपद्रवी असो, संशयानेच पाहिला जाणार.

याउलट वेळासचे पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. जी अंडी पूर्वी खाल्ली वा विकली जात, ती गावातलीच माणसे कुंपणात सुरक्षित ठेवू लागली. २००६ पासून कासव महोत्सव होतो. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी माणसे येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात, जेवतात. किनाऱ्यावर कोठे उभे राहायचे, दिवे का विझवायचे, हे गावकरीच सांगतात, आणि पुण्या-मुंबईची मंडळी निमूटपणे ऐकतात. तेथे अभयारण्य नाही. कासवाला मात्र अभय आहे.

वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' नावाचा महिलांचा बचत गट कांदळवनाची सफर चालवितो. या महिला स्वतः वल्हवितात आणि कांदळ, तिवर, चिप्पी ही झाडे ओळखायला शिकवितात. शासनानेही २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आणून गटांना मोठे अनुदान देऊ केले. ही खरी वाट आहे. मला खंत एवढीच वाटते की असे काम 'प्रकल्प' म्हणून सुरू होते, छायाचित्रांत येते, आणि मग 'पथदर्शी' या विशेषणात अडकून पडते. पथ दाखविला गेला. त्यावरून कोणी चालले का, हे पुढच्या बैठकीत विचारले जात नाही.

वल्ह्याच्या सफरीविरुद्ध दोन गंभीर आक्षेप आहेत. ते झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

पहिला सुरक्षिततेचा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोन जण दगावले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला सहलीस आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. ते तर होडीतही नव्हते. अशा घटनेनंतर जिल्हा प्रशासनाचा पहिला उपाय सरसकट बंदीचा असतो. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची मनःस्थिती मी समजू शकतो. उद्या पुन्हा काही घडले तर उत्तर त्याला द्यावे लागते. पण बंदी ही तारखेपुरती चालते. चौदा दिवसांनी तीच बोट, तोच चालक, तेवढीच माणसे. कयाक बुडत नाही, उलटते. आणि उलटल्यावर अंगावर जाकीट आहे का, वारा बाहेरचा आहे का, बरोबर कोणी जाणता आहे का, यांवर जीव अवलंबून असतो. या तिन्ही गोष्टी मुंबईत बसून तपासता येत नाहीत. त्या पहाटे सहा वाजता वाळूवरच तपासाव्या लागतात. आणि अपघात झालाच तर सर्वांआधी पाण्यात कोण उतरतो? शेजारी जाळे टाकणारा मच्छीमार. ज्याच्यावर बचावाचे काम पडते, त्याला 'आज नको' म्हणण्याचा अधिकार असू नये, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा आक्षेप वन्यजीवांच्या बाजूचा आहे, आणि तो कयाकप्रेमींना आवडत नाही. निःशब्द होडी नेहमीच निरुपद्रवी नसते. यंत्राचा आवाज दुरून कळतो; वल्ह्याची होडी अचानक जवळ येते. चिखलावर विसावलेले पक्षी अशा वेळी एकदम उडतात, आणि हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाणाची किंमत मोजावी लागते. इतर देशांत खडकांवर पहुडलेले सील कयाक पाहून घाबरून पाण्यात उड्या टाकतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. कयाक उथळ पाण्यात, जेथे मोटारबोट जाऊच शकत नाही अशा कोपऱ्यात पोहोचते. म्हणजे शेवटचा आडोसाही आपण उघडतो. तेव्हा वेंगुर्ल्याच्या बेटांवर विणीच्या काळात कोणाही पर्यटकाला उतरू देऊ नये, मग तो वल्ह्याने येवो की यंत्राने. आणि पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा खुणा लावून वगळाव्यात.

अन्यत्र हे प्रश्न कसे सोडविले आहेत? अलास्कातल्या ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात, जेथे देवमासे आणि सील यांच्यामधून कयाकने प्रवास करता येतो, काही पाण्याचे पट्टे उन्हाळ्यात यंत्राच्या नौकांना बंद असतात, आणि मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी बसून नियम ऐकावे लागतात. न्यूझीलंडने १९९२ च्या नियमांत सागरी सस्तन प्राण्यांच्या ३०० मीटर परिसरात एका वेळी तीनच नौका असाव्यात असे ठरविले. मला ही पद्धत आवडते, कारण नियम मोजता येतो. 'प्राण्यांना त्रास होणार नाही याची दक्षता घ्यावी' असे परिपत्रकात लिहिण्यापेक्षा 'तीन होड्या' असे लिहिणे कितीतरी बरे. पहिले वाक्य कोणीच मोडत नाही, कारण ते कोणाला पाळताच येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. खाडीत आणि किनाऱ्यापासून ठरावीक अंतरात, वल्ह्याने चालणाऱ्या होड्यांची नोंद आणि परवाना हे काम ग्रामपंचायतीकडे द्यावे. अंतर सागरी मंडळाने एकदा आखून द्यावे, वगळायच्या जागा वन विभागाने, प्रशिक्षणाचा किमान दर्जा पर्यटन विभागाने. त्यानंतर या तिघांनी अर्जदाराला आपल्या दारात बोलावू नये. गावाला हे जमेल का, असे विचारले जाईल. रापणीचा किनारा ज्यांनी पाहिला आहे ते हा प्रश्न विचारणार नाहीत. जाळे कोणी कोठे टाकायचे, पाळी कोणाची, ओढायला आलेल्यास वाटा किती, हे सारे मालवणच्या रापणकरांनी कोणत्याही खात्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालविले आहे. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. बहुतेक ठिकाणी ती कपाटातल्या एका फायलीत राहते. डॉल्फिन कोठे दिसले, कासव कोठे चढले, पक्षी कधी आले, याची नोंद रोज पाण्यात जाणाऱ्या वल्हेकऱ्याने तिच्याकडे दिली तर त्या समितीला काम मिळेल आणि शास्त्रज्ञांना माहिती. गंगेच्या काठी भारतीय वन्यजीव संस्थेने 'गंगा प्रहरी' म्हणून गावकऱ्यांना असेच तयार केले आहे. येथे ज्याला सूंस म्हणतात तो गंगेतला डॉल्फिन २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरला खरा, पण त्याच्यावर लक्ष ठेवतो तो नावाडीच.

येथे अलीगंजमध्ये ज्येष्ठ महिन्याच्या मंगळवारी, ज्याला 'बडा मंगल' म्हणतात, जुन्या हनुमान मंदिराकडे शहर लोटते. गल्लोगल्ली लोक भंडारे लावतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी आणि सरबत देतात. प्रशासन वाहतूक वळविते, पाणी व सफाई पाहते. पुरी कोणी तळावी याचे परवाने वरून निघाले असते तर उन्हातान्हात आलेले हजारो लोक उपाशी राहिले असते. पाण्यावरचा धोका पुरीपेक्षा मोठा आहे, हे मान्य. कामाची वाटणी मात्र हीच असावी.

एक भीती मात्र मलाही आहे. ग्रामपंचायतीच्या हाती परवाना आला की बाहेरचा धनवान येऊन गावातल्या कोणाच्या तरी नावाने पन्नास कयाक उतरवील. एका जेट-स्कीच्या किमतीत डझनभर कयाक सहज येतात, त्यामुळे हे अवघड नाही. तेव्हा एका कुटुंबाला किती होड्या याची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी आणि परवाना हस्तांतरणीय नसावा. मच्छीमार कुटुंबांना, त्यांतही महिलांच्या गटांना अग्रक्रम असावा. दराचा फलक लावावा. वाचकहो, तुम्ही पुढच्या खेपेस तारकर्लीला जाल तेव्हा यंत्राच्या बोटीपेक्षा वल्ह्याच्या फेरीला शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तर घासाघीस करू नका. दोन तास एक माणूस तुमच्यासाठी हातांनी राबणार आहे.

फलकाच्या बाजूला आणखी एक पाटी हवी. तीवर तिथी, पूर्ण भरतीची वेळ, वारा मतलई की खारा आणि आज होड्या जातील की नाही, एवढे रोज पहाटे खडूने लिहावे. हे काम गावातल्या एखाद्या वृद्ध रापणकराला द्यावे, त्याचे 'नाही' हे अंतिम मानावे, आणि त्याचे मानधन ग्रामपंचायतीने होड्यांच्या शुल्कातून परस्पर द्यावे. त्यासाठी जिल्ह्याची पूर्वमंजुरी घेण्याची अट घालू नये.